सिस्टर, तुम्ही ओंजळ का धरलीत

सिस्टर अल्बिना, नांदेडला तुम्हाला माती दिली त्याला आज पाच दिवस झाले. आम्हा लिंगायतांतही पुरतात, म्हणून खड्डा, माती हे काही मला परकं वाटलं नाही. परकं वाटलं ते तुमचे हात स्थिर असणं. जपमाळ गुंडाळून कुणीतरी ते छातीवर ठेवले होते. मी तुमच्या चेहऱ्याकडे कमी आणि त्या हातांकडेच जास्त पाहत होते, कारण मला जे विचारायचं होतं ते त्या हातांबद्दल होतं. एकदा विचारलं होतं. तुम्ही उत्तरही दिलं होतं. पण ते उत्तर होतं की टाळणं, हे मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गावाला नवे कपडे मिळावेत तसं झालं होतं. जिकडेतिकडे ताज्या रंगाच्या पाट्या, सरकारी जीपा, मुंबई-पुण्याकडचे साहेब आणि त्यांच्या मुलांसाठी आमची कॉन्व्हेंट. अप्पांचं, माझ्या वडिलांचं, बाजारात धान्याचं दुकान आहे. ते म्हणायचे, जिल्हा आला, आता पाणी पण येईल. पाणी मात्र आलं नाही. जिल्ह्याच्या मागोमाग दुष्काळ आला आणि शाळेचा आड तळापर्यंत सुकला.

तुम्ही कुठल्या, हे आम्हाला माहीत नव्हतं. नकाशावर तुम्ही रांचीच्या खाली खडूनं एक ठिपका दिलात आणि म्हणालात, "इथं. डोंगर आहे, साल वृक्ष आहे, माझी आई आहे." तुमचं मराठी असं तुकड्यातुकड्यांचं होतं. बाकीच्या सिस्टर गोव्याच्या, मंगळूरच्या, गोऱ्या, भराभर इंग्रजी बोलणाऱ्या. त्या गणित आणि इंग्रजी शिकवायच्या. तुमच्याकडे मॉरल सायन्स, शिवणकाम आणि कॉन्व्हेंटचं स्वयंपाकघर होतं. कामं अशीच का वाटून दिलेली आहेत, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मी घरी तुमचा उल्लेख 'ती काळी सिस्टर' असाच करायची. आई विचारायची, "कोण गं, ती काळी का?" आणि मी हो म्हणायची. ओळख पटवायला सोपं पडायचं, एवढंच. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला ते माहीत नसेल असंही वाटत नाही.

वर्गातल्या रांजणाची कल्पना तुमचीच. प्रत्येकानं घरून गळ्यात वॉटरबॅग आणायची, आल्याबरोबर ती कोपऱ्यातल्या मातीच्या रांजणात ओतायची आणि दिवसभर सगळ्यांनी त्यातलंच प्यायचं. ज्याच्या घरी टँकर आला नसेल त्यानं रिकामी वॉटरबॅग आणली तरी चालेल. रांजणावर एक लांब दांड्याचं ओगराळं आणि दोन स्टीलचे ग्लास. आणि पाणी वाढायला मी. तुम्ही माझंच नाव का घेतलंत? मी वर्गात कधी हात वर केला नव्हता. प्रार्थना म्हणतानाही माझे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. तुम्ही यादीवरून नजर फिरवलीत आणि म्हणालात, "वॉटर मॉनिटर, शांभवी." मला लाजून मरायला झालं, आणि आतून बरंही वाटलं.

आज मला कधी वाटतं, मुखदुर्बळ मुलीला काहीतरी काम द्यावं म्हणून तुम्ही मला निवडलंत. कधी वाटतं, बाजारातल्या दुकानदाराची मुलगी पाणी वाढतेय म्हटल्यावर बाकीच्यांचे आईवडील कुरकुरणार नाहीत, हा तुमचा हिशेबीपणा असावा. दुसरं खरं असेल तर मला थोडा राग येतो. पहिलं खरं असेल तर जास्तच येतो.

आई म्हणाली, "समद्यांचं पाणी एकत्र? बरं, वाढणारी तूच हायस ना? मग आधी तू पिऊन घेत जा." आमच्या मठात स्वामी सांगतात की आपल्यात जातपात नाही, आणि आई ते मान डोलावून ऐकते. खोटेपणानं नव्हे, तिला ते मनापासून पटतं. आणि दुकानात हमाल पाणी मागायला आला की ती तांब्या उंच धरून त्याच्या ओंजळीत धार सोडते. तेही तितक्याच मनापासून, वर विचारते, "अजून पाहिजे का बाबा?" मी लहानपणापासून हे बघत आलेली. ते मला पाणी देणंच वाटायचं, दुसरं काही नाही.

मॉरल सायन्सच्या पुस्तकात अमेरिकेचा एक धडा होता. तिकडे गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा असायचा. चित्रात दोन नळ शेजारी शेजारी होते आणि एक लहान मुलगी चुकीच्या नळापाशी उभी होती. तुम्ही धडा वाचलात आणि विचारलंत, "इज इट राइट?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "नो, सिस्टर." मी पण म्हणाले. माझ्या गळ्यातून आवाज आला होता, मला आठवतं, कारण मला त्या चित्रातल्या मुलीची खरोखर कीव आली होती. तुम्ही विचारलंत, "आपल्याकडे असं आहे का?" पुन्हा सगळे म्हणाले, "नो, सिस्टर." मग छोट्या सुट्टीची घंटा झाली आणि मुली पाण्याला रांगेत उभ्या राहिल्या.

माझी पद्धत ठरलेली होती. ओगराळ्यानं ग्लास भरायचा, पुढच्या मुलीच्या हातात द्यायचा, तिनं ओठ न लावता वरून प्यायचा आणि परत द्यायचा. त्या दिवशीही एक, दोन, तीन मुली तशाच गेल्या. मग अर्चना आली. अर्चना कांबळे, देगलूरकडची. तिचे वडील नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई होते, साहेबाच्या शिफारशीनं तिला प्रवेश मिळाला होता. ती रोजच्यासारखी पुढे आली, तिची ओंजळ होती, आणि माझा हात वर गेला. ग्लास माझ्या डाव्या हातात भरायला तयार होता. तो तसाच राहिला. मी ओगराळ्यातून धार सोडली. ती प्यायली, तोंड पुसलं, बाजूला झाली.

तेव्हा मला तुम्ही दिसलात. तुम्ही फळ्यापाशी डस्टर घेऊन उभ्या होतात. तुम्ही डस्टर ठेवलंत, हाताची खडूची पूड पदराला पुसलीत आणि रांगेत, अर्चनाच्या मागे जी जागा मोकळी झाली होती तिथे येऊन उभ्या राहिलात. कोपर पोटाशी घेतलंत, खाली वाकलात आणि माझ्यापुढे ओंजळ धरलीत.

मी ग्लास पुढे केला. तुम्ही तो घेतला नाहीत. नुसत्या थांबलात. माझा हात पुन्हा वर गेला, या वेळी मला तो जाताना कळला. पाणी तुमच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, पांढऱ्या साडीवर डाग पडला. तुम्ही प्यायलात आणि म्हणालात, "थँक यू, मॉनिटर." वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं.  तुम्ही काही बोलला नाहीत. ना मला, ना वर्गाला. पुढच्या तासाला तुम्ही आम्हाला काजं कशी करायची ते शिकवलंत.

तुम्ही मला रागावायला हवं होतं. रागावला असतात तर गोष्ट संपली असती. मी रडले असते, माफी मागितली असती. दुसऱ्या दिवशी मी अर्चनाला ग्लास दिला. तिनं तो घेतला, रांजणाच्या झाकणावर ठेवला आणि ओंजळ धरली. म्हणाली, "मला आशीच सवय हाय." मी काय करायचं होतं? मी ओतलं. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत ते असंच चाललं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पाऊस झालेला होता, आडाला पाणी आलं होतं, रांजण फुलझाडासाठी माती भरायला नेला होता आणि तुमच्याकडे तो विषय काढायचं माझं राहूनच गेलं.

आपलं खरं भांडण त्याच वर्षी, पण दुसऱ्याच गोष्टीवरून झालं. शाळेच्या समारंभाला मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब आल्या होत्या. गोऱ्या सिस्टर ओळीनं उभ्या, ओळख करून देणं चाललेलं. तुम्ही खुर्च्या मांडून घामेजल्या होतात, ओळीच्या टोकाला होतात. बाईंनी तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, जरा प्यायला पाणी आणता का?" त्यांना तुम्ही शाळेच्या आया वाटलात. तुमची साडी इतरांसारखीच होती, गळ्यात क्रूस होता. त्यांनी फक्त चेहरा पाहिला. मदर सुपिरिअर शेजारीच होत्या. त्या हसऱ्या चेहऱ्यानं दुसरीकडे बघू लागल्या. आणि तुम्ही गेलात, ट्रेमध्ये ग्लास ठेवून पाणी घेऊन आलात.

समारंभानंतर स्वयंपाकघराच्या दारात मी तुम्हाला गाठलं. माझ्या आयुष्यातलं मोठ्या माणसाशी पहिलं भांडण ते. "सिस्टर, तुम्ही सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"की तुम्ही आया नाही. टीचर आहात."

तुम्ही कांदा चिरत होतात. "पाणीच तर मागितलं तिनं."

"पण तुमच्याकडे का मागितलं? तुमच्या रंगामुळे मागितलं."

तुम्ही सुरी थांबवलीत. मी तो शब्द तुमच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला होता. मागे मोरीवर आमच्या शाळेच्या खऱ्या आया, सुगंधाबाई, कपबश्या विसळत होत्या. तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "मी म्हटलं असतं, छे, मी आया नाही, तर सुगंधाबाईला कसं वाटलं असतं? सांग तू."

  मला तुमचं तेव्हाही पटलं नव्हतं, आणि आता तुम्ही नाहीत म्हणून ते पटल्यासारखं मी लिहिणार नाही. तुम्ही सांगायला हवं होतं. तुमच्या मदरनं तर सांगायलाच हवं होतं. सुगंधाबाईंना कसं वाटलं असतं ते सुगंधाबाईंना विचारता आलं असतं. मला त्या दिवशी जो संताप आला तो चांगला, स्वच्छ संताप होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. घरी जाताना रस्त्यात अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं, की ज्या मुलीनं ओगराळं उंच धरलं होतं तीच ही. मग तो संताप मला नीट धरता येईना.

पुढच्या वर्षी तुमची बदली झाली, नांदेडला. निरोपाचा समारंभ झाला नाही. गोऱ्या सिस्टर बदलून जायच्या तेव्हा व्हायचा.

गेल्या वर्षी आईबरोबर माहूरला देवीला जाताना आम्ही नांदेडला थांबलो. बस सुटायला दोन तास होते. आईला स्टँडवर बसवून मी तुमच्याकडे आले. तुम्ही किती वाळला होतात. डोळे पिवळट होते. तुम्ही मला लगेच ओळखलंत, "अरे, मॉनिटर!" आणि चहा केलात. तुम्ही माझ्या कॉलेजचं विचारलंत, मी हो-नाही करत राहिले. उठताना, दारातच, विचारलं. "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही ओंजळ का धरली होती? रांजणापाशी. ग्लास होता तरी."

तुम्ही भुवया वर केल्यात. आठवताय असं वाटलं, किंवा काय सांगावं ते ठरवताय असंही. मग हसलात. "तहान लागली होती." आणि पुढे म्हणालात, "आमच्या गावात झऱ्यावर सगळे असंच पितात. ग्लास कुठं असतो?"

स्टँडवर परतून मी बसमध्ये आईशेजारी बसले आणि माहूरचा सगळा घाट तेच उलटंसुलटं करत राहिले. तुम्ही खरंच विसरला होतात? मग माझी इतक्या वर्षांची बोच नुसती माझीच होती, तुम्हाला एक तहानलेली सुट्टी आठवत होती. की तुम्हाला सगळं लख्ख आठवत होतं आणि वीस वर्षांच्या, दारात उभ्या राहिलेल्या मुलीला तुम्ही सोडून दिलंत? सोडून दिलं असेल तर मी तुमचे आभार मानायला हवेत. पण मला सुटायचं होतं की धरून ठेवायला हवं होतं, हेच ठरत नाही. आईनं विचारलं, "कोण होती गं?" मी म्हणाले, "सिस्टर अल्बिना." ती म्हणाली, "ती काळी का?" मी हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. खिडकीबाहेर बघितलं.

सिस्टर, तुमच्या मातीला अर्चना आली होती. तुम्हाला माहीतच असणार, कारण शेवटचे दिवस ती तुमच्यापाशी होती. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात ती नर्सिंग शिकतेय. मला ते तिथंच कळलं. मला तिनं मागून हाक मारली, "ए वॉटर मॉनिटर." 

आम्ही कबरस्तानाच्या भिंतीशी, कडुनिंबाखाली उभ्या होतो. ती आधी तुमच्याबद्दल बोलली, कावीळ कशी डोक्यात गेली, तुम्ही झोपेत कुठल्यातरी वेगळ्याच भाषेत आईला हाका मारत होतात. मग मीच म्हणाले, "त्या दिवसाचं तुला आठवतं? सिस्टरनी ओंजळ धरली होती."

"न आठवाया काय झालं?" ती म्हणाली. "लई राग आला होता मला."

"माझा?"

"तुझा बी. पण तुझ्यापेक्षा जास्त सिस्टरचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सिस्टरचा कामून? ती तर तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी? अगं, मी आपली येत होते, पीत होते, जात होते. कुनाचं ध्यान नव्हतं. ही बाई मागं येऊन उभी राहिली आन सगळा वर्ग माझ्याकडं बघाया लागला. ती एक दिवस प्यायली ओंजळीनं. मला रोज प्यायचं होतं. तिनं तुला म्हणायचं होतं, ग्लास दे तिला. बस. एवढंच पाहिजे होतं."

"दिला होता की दुसऱ्या दिवशी."

"दिलास ना. समदे बघत असताना. तसा कोन घेईल?"

सिस्टर, मी इतकी वर्षं तुमच्या ओंजळीचे अर्थ लावत बसले होते, आणि ज्या ओंजळीवरून हे सगळं सुरू झालं ती मी विचारातच घेतली नव्हती. मी तिला विचारलं, "तू हे कधी सिस्टरना बोललीस?"

"बोलले. दवाखान्यात. सलाईन बदलताना. म्हटलं, सिस्टर, तेव्हा मला बरं नव्हतं वाटलं."

"मग?"

"डोळे मिटलेले होते. ऐकलं का न्हाई, काय म्हाईत." तिनं नाक ओढलं. "त्यांच्याइतकं माझं कुनी केलं नाही गं शाळेत. फॉर्म त्यांनीच भरून दिला नर्सिंगचा. तरी बी राग हायच. दोन्ही हाय."

मग मी ते विचारलं जे तुम्हालाही विचारलं नव्हतं. "अर्चना, आधी काय व्हायचं? तू ओंजळ धरायचीस म्हणून मी वरून ओतायचे, का माझा हात वर जायचा म्हणून तू ओंजळ धरायचीस?"

ती कडुनिंबाच्या खोडाला टेकली. "आईनं सांगितलं होतं, नवी शाळा हाय, मोठ्यांची लेकरं हायत, कुनाच्या भांड्याला हात लावू नको, कटकट नको. तुला काय सांगितलं होतं तुझ्या आईनं?"

मी आठवून पाहिलं. आधी पिऊन घे, एवढं सांगितलं होतं. अर्चनाबद्दल, ओगराळ्याबद्दल, हात उंच धरण्याबद्दल आई मला कधीच काही बोलली नव्हती. कुणीच बोललं नव्हतं. "काहीच नाही," मी म्हणाले.

"बघ," ती म्हणाली. मी काय बघायचं होतं ते तिनं सांगितलं नाही.

मूठ मूठ माती टाकून माणसं फाटकाकडे निघाली. फाटकाशी पाण्याची बादली आणि पत्र्याचा डबा ठेवलेला होता. अर्चनानं डबा भरला आणि मला म्हणाली, "धर हात." मी हात पुढे केले, तिनं वरून पाणी घातलं, तुमची माती बोटांच्या फटींतून वाहून गेली. हात धुवायला पाणी वरूनच घालतात, त्यात काही नाही. हे मी स्वतःला सांगितलं, आणि सांगावं लागलं म्हणून गोंधळले.

ती डबा ठेवायला वाकली तेव्हा मी परत ओंजळ पुढे केली.

"झाले की धुऊन," ती म्हणाली.

मी हात मागे घेतले नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही दारात पाहिलं होतं तसंच, आठवतेय की ठरवतेय ते कळू न देणारं. मग तिनं डबा पुन्हा भरला, आणि उंच धरला नाही. खाली आणला, इतका खाली की त्याची कड माझ्या बोटांना टेकली, आणि तिथूनच ओतला. मी प्यायले. पाणी कोमट होतं, त्याला बादलीचा वास होता.

"याड लागलं का तुला?" अर्चना म्हणाली. "हात धुवायचं पानी हाय ते. पितेस कामून?"

"तहान लागली होती," मी म्हणाले.

सिस्टर, ते खरं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.